हाताने घडवलेल्या काचवस्तूंचा छोटा धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही टॉर्चच्या, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या बर्नरच्या, ज्योतीवर काच घडवतो. पेले, एका फुलाच्या कुप्या, अखंड दिव्याच्या चिमण्या, कानातले असा माल असतो. प्रत्येक प्रदर्शनात 'मलाही हे सुरू करायचंय' म्हणणारं कुणीतरी भेटतंच आणि त्यांचे प्रश्नही साधारण तेच असतात. स्टॉलवर गिऱ्हाईक थांबलेलं असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलंय.

काचेचं काम म्हणजे मोठी भट्टी लागते ना?

भट्टीवरचं काम वेगळं आणि टॉर्चवरचं वेगळं. भट्टीत कच्चा माल किंवा जुनी काच वितळवतात, फुंकणीच्या टोकाला गोळा घेतात आणि फुंकून आकार देतात. फिरोजाबादची काच ती हीच. ही भट्टी रात्रीसुद्धा विझवत नाहीत, कारण थंड होताना आतलं मडकं तडकतं. म्हणजे ऑर्डर असो-नसो, इंधन जळतच राहतं. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि तिथल्या कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावं लागलं. तेव्हापासून गॅसचा दर हाच तिथल्या धंद्याचा श्वास झाला आहे.

आपल्याकडेही भट्ट्या होत्या. तळेगावला १९०८ मध्ये लोकांनी पैसा-पैसा जमवून उभारलेला पैसा फंडाचा काच कारखाना होता. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील ज्यांच्या माळ्यावर अजून आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पण ते कारखाने होते. एक-दोन माणसांच्या धंद्याला टॉर्चच परवडतो. तयार नळ्या आणि कांड्या विकत आणायच्या, ज्योतीत मऊ करायच्या, ओढायच्या, फुंकायच्या, जोडायच्या. काम संपलं की व्हॉल्व्ह बंद, खर्च बंद.

सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं?

टॉर्च, गॅस, ऑक्सिजन, घडवलेली वस्तू सावकाश थंड करायला विजेची छोटी भट्टी, चष्मा, काच आणि मोजकी हत्यारं. ग्रॅफाइटची फळी, चिमटे, टंगस्टनची सळई, काच कापायची सुरी. हत्यारांवर सुरुवातीलाच पैसे ओतू नका. निम्मी हत्यारं हौसेने घेतली जातात आणि खणात पडून राहतात. पैसा लावायचाच तर भट्टीच्या कंट्रोलरवर लावा. तापमान टप्प्याटप्प्याने चढवणारा आणि उतरवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर नसेल, तर ती भट्टी म्हणजे महागडा ओव्हन.

गॅससाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही उभा राहणार नाही. घरच्या पाइपलाइनच्या गॅसचा दाब बहुतेक टॉर्चना पुरत नाही.

ऑक्सिजनला दोन वाटा आहेत. वेल्डिंगवाल्यांकडून भरलेला सिलिंडर किंवा दवाखान्यात असतो तसला ऑक्सिजन काँसन्ट्रेटर. मिनिटाला पाच लिटर देणारं यंत्र छोट्या टॉर्चला, मणी आणि कानातल्यांना पुरतं. पेला घडवायचा तर दोन यंत्रं जोडा किंवा सिलिंडर आणा. कोकणात किंवा गोव्यात असाल तर यंत्राचा फिल्टर वारंवार साफ करा आणि खोली शक्य तितकी कोरडी ठेवा. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा आतला झिओलाइट दमटपणाने लवकर थकतो. मग ऑक्सिजनची शुद्धता घसरते, ज्योत आळसावते आणि आपण विनाकारण टॉर्च बदलायच्या विचारात पडतो.

गॅस आणि ऑक्सिजन, दोन्हींच्या नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत उलट नळीत शिरू न देणारे अडसर, बसवलेच पाहिजेत. ऑक्सिजनच्या जोडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावायचं नाही. वायसर घट्ट बसत नाही म्हणून शेजारच्या मेकॅनिकने लावलेला ग्रीसचा बोटभर ठिपकासुद्धा पेट घेऊ शकतो.

घरात करता येईल का?

तळमजल्याची वेगळी खोली, गॅरेज किंवा पत्र्याची शेड असेल तर येईल. स्वयंपाकघरात किंवा बंद बाल्कनीत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून वर एक्झॉस्ट आणि खाली, जमिनीजवळ, हवा खेळायला जाळी अशी दोन्हीकडून सोय हवी. तळघर तर अजिबात नको.

सोसायटीत राहत असाल तर आधी लेखी परवानगी घ्या. तोंडी 'चालेल हो' म्हणणारे सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतात.

चष्मा कोणताही चालतो का? गॉगल?

नाही. तापलेल्या काचेतलं सोडियम झगझगीत पिवळा प्रकाश टाकतं आणि त्यामागचं काम दिसतच नाही. डायडिमियमचा चष्मा नेमका तोच पिवळा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अडवतो. बोरोसिलिकेटवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या भांड्यांना वापरतात त्या उष्णता सोसणाऱ्या काचेवर, काम करणार असाल तर त्यावर गडद हिरव्या छटेची जोड लागते, कारण ही काच जास्त तापवावी लागते आणि डोळ्यांवर उष्णताही जास्त येते. नंबरचा चष्मा असेल तर वरून अडकवायचा प्रकार मिळतो.

कपडे सुती. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दुपट्टा घेऊन टॉर्चसमोर बसायचं नाही. काच घासताना पाणी चालू ठेवायचं. कोरडी घासलेली काच म्हणजे हवेत तरंगणारी बारीक धूळ, आणि ती फुप्फुसात एकदा गेली की बाहेर येत नाही.

शिकायचं कुठे?

महाराष्ट्रात सरळ अभ्यासक्रम शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. फिरोजाबादला केंद्र सरकारचं काच उद्योग विकास केंद्र आहे. हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घरोघरी ज्योतीवर मणी होतात. तिथल्या कारागिरांचे हात बघणं हेच एक शिक्षण आहे.

एक वाट लोकांना सुचत नाही. मोठ्या संशोधन संस्थांत आणि रसायनशास्त्राच्या विभागांत प्रयोगशाळेची काच घडवणारे, दुरुस्त करणारे कारागीर असतात. नळीला नळी सरळ जोडणं, भिंतीची जाडी सारखी ठेवणं, गळतीशिवाय सील करणं, या बाबतीत त्यांचा हात कलाकारांपेक्षा पक्का असतो. निवृत्त झालेले असे एखादे काका भेटले आणि शिकवायला तयार झाले, तर फी विचारून घासाघीस करू नका. आमच्या पेल्यांचे काठ सरळ आहेत ते अशाच एका गुरुजींमुळे. 'आधी महिनाभर नळी नुसती फिरवायची' म्हणायचे. डाव्या आणि उजव्या हाताचा वेग एक झाला नाही तर ज्योतीत नळीला पीळ पडतो. हे वाचून कळतं, हाताला कळायला वेळ लागतो.

व्हिडिओ बघा, जरूर बघा. पण व्हिडिओत तुमचा चुकीचा कोपर कुणी धरून खाली करत नाही.

कोणती काच घ्यावी? रंगीत कांड्या कुठल्याही मिसळता येतात का?

मिसळता येत नाहीत, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते याचं माप असतं. बोरोसिलिकेटचं ३.३ आणि साध्या सोडा-लाइम काचेचं साधारण ९. दोन वेगळ्या मापांच्या काचा ज्योतीत सहज जुळतात, दिसतातही छान. थंड होताना मात्र एक जास्त आकसते आणि दुसरी कमी. मग जोडावर ताण बसतो. कधी भट्टीतून काढतानाच टिचते, कधी गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये रात्री आपोआप. म्हणून एका वस्तूत एकाच मापाची काच. रंगीत कांड्यांवर हेच माप दहापटीने, ९०, ९६, १०४ अशा आकड्यांत येतं. ते खोक्यावर आणि कांडीच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा. खोकं फेकलं की कांड्या सगळ्या सारख्याच दिसतात.

पेले, चिमण्या यांना बोरोसिलिकेट. मणी आणि दागिन्यांना मऊ काच सोयीची, ती कमी उष्णतेत वितळते आणि रंगही जास्त मिळतात.

वस्तू झाली की लगेच विकायला ठेवता येते का?

ज्योतीतून काढलेली काच बाहेरून आधी थंड होते आणि आतून मागाहून, म्हणून आत ताण कोंडतो. तो सोडवण्यासाठी वस्तू भट्टीत ठेवून अ‍ॅनीलिंग करावं लागतं. बोरोसिलिकेटला साधारण ५६५ अंश सेल्सिअसवर धरायचं, पातळ वस्तूला अर्धा-पाऊण तास, जाड तळाला जास्त, आणि मग सावकाश उतरवायचं. सोडा-लाइमला ५१० ते ५४० अंशांच्या आसपास. नेमका आकडा काच बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यायचा. भट्टीचं दार संध्याकाळी घाईने उघडायचं नाही, सकाळी उघडायचं.

ताण गेला की नाही हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. एलसीडी पडद्याचा प्रकाश मुळातच ध्रुवीकृत असतो. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल लावा किंवा कॅमेऱ्याचा पोलरायझर हातात धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत तो फिरवा. आता मधे पेला धरा. ताण नसलेला पेला अंधारातच राहतो. ताण असेल तर कान जोडलेल्या जागी, तळाच्या कडेला पांढरे झगझगीत पट्टे उमटतात, जास्त असेल तर रंगही दिसतात. कपाच्या कानाच्या वरच्या जोडाकडे आधी बघा, दहापैकी नऊ वेळा गडबड तिथेच असते. पट्टा दिसला की वस्तू परत भट्टीत. आमच्याकडून हे पाहिल्याशिवाय एकही कप बाहेर जात नाही, आणि स्टॉलवर गिऱ्हाइकाला दाखवलं तर तो किमतीवर वाद घालायचं विसरतो.

अ‍ॅनीलिंग चालू असताना वीज गेली तर?

दार उघडू नका. चांगल्या भट्टीचं अस्तर उष्णता तासन्‌तास धरून ठेवतं, तापमान आपसूक हळूहळूच उतरतं. वीज आल्यावर प्रोग्रॅम पहिल्यापासून चालवायचा. दोनदा अ‍ॅनीलिंग झाल्याने काच बिघडत नाही. कंट्रोलर वीज आल्यावर स्वतःच पुढे चालू करतो की थांबतो, हे मात्र विकत घेतानाच विचारा. गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात गाळा असेल तर बुधवारी रात्री भट्टी लावायची नाही, इतकं साधं आहे.

किंमत कशी ठरवायची?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात. खरं तर पहिली वस्तू घडवायच्या आधीच त्याचं उत्तर कागदावर हवं. एका फुलाच्या कुपीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.

नळी आणि रंगीत कांडी ९० रुपये. गॅस आणि ऑक्सिजन ४५. भट्टीच्या विजेतला वाटा १५. चाळीस मिनिटांचं काम, तासाला ३०० रुपये मजुरी धरली तर २००. झाले ३५०. आता गंमत इथे आहे. सहा कुप्यांतली एक ज्योतीत, भट्टीत, घासताना किंवा टेबलावरून ओला कपडा ओढताना जाते. म्हणजे सहांचा खर्च पाचांनी उचलायचा: ३५० गुणिले सहा भागिले पाच, ४२०. त्यात खोकं आणि पॅकिंगचे ६० मिळवा, ४८०. भाडं, हत्यारांची झीज, फोटो, फोनवर घालवलेला वेळ यांसाठी वीस टक्के, म्हणजे ९६. एकूण ५७६. नफा अजून यायचाच आहे.

हीच कुपी बुटीकमध्ये ३५ टक्के कमिशनवर ठेवली तर नुसता खर्च निघायला ती ८८६ रुपयांना विकायला हवी. तुम्ही ११०० लावलेत तर दुकानदाराचे ३८५, तुमचे ७१५, त्यातून ५७६ वजा, हाती १३९. स्टॉलवर तीच ११०० ला विकली की हाती ५२४ दिसतात, पण स्टॉलचं भाडं आणि दिवसभर उभं राहिलेल्या माणसाची मजुरी त्यातूनच जाते. वर जीएसटी लागत असेल तर तो वेगळा.

बहुतेक नवे लोक फूट धरतच नाहीत. फुटलेली वस्तू म्हणजे नशीब, असं समजून सोडून देतात. काचेच्या धंद्यात फूट हा भाड्यासारखाच खर्च आहे, दर महिन्याला ठरलेला. वहीत 'घडवल्या' आणि 'विकायला लागल्या' असे दोन रकाने ठेवा. तिसऱ्या महिन्यात तुमचा खरा आकडा समोर येतो. आणि आपली मजुरी शून्य धरू नका. 'मी घरचीच आहे, माझं काय' हे वाक्य विशेषतः बायकांकडून फार ऐकू येतं. उद्या मदतीला माणूस ठेवलात तर तो घरचा नसणार.

ऑनलाइन तर तीनशे रुपयांत दोन कप मिळतात. आमचा हजाराला कोण घेणार?

तीनशेचे दोन कप घेणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक नाहीच. यंत्रावर झालेल्या दुहेरी भिंतीच्या पारदर्शक कपाशी किमतीत झुंजायला जाऊ नका. तसला कप हाताने करूच नका, हा आमचा स्पष्ट सल्ला. यंत्राला जे जमत नाही किंवा परवडत नाही ते करा: विचित्र मापाची चिमणी, आजीच्या जुन्या कंदिलाला बसेल अशी काच, तुटलेल्या संचातला एकच पेला, नाव घातलेली कुपी.

मग नक्की खपतं काय?

आपल्याकडे सण बघून माल करायचा. नवरात्रात अखंड दिव्याच्या चिमणीला जोरदार मागणी असते. वारा लागून दिवा शांत होऊ नये म्हणून लोक काच शोधत येतात आणि बाजारातली त्यांच्या निरंजनाला बसत नाही. निरंजनाचं माप त्यांच्याकडूनच घ्या, अंदाजाने करू नका. चिमणीला खालून हवा आत शिरायला जागा ठेवावीच लागते. बुड ताटलीला चिकटून बसलं तर ज्योत गुदमरते आणि काच काजळी धरते. आम्ही बुडाला तीन छोटे पाय देतो. वरचं तोंड फार निमुळतं केलं तरी तोच प्रकार होतो. तेल सांडलेल्या ताटलीत चिमणी ठेवली की पायांखालून हवा जात नाही, हेही सोबतच्या चिठ्ठीत लिहा.

संक्रांतीला वाणासाठी विचारणा येते, पण बजेट पन्नास-साठ रुपयांचं असतं. त्यात पेला बसणार नाही. उरलेल्या कांड्यांच्या तुकड्यांचे मणी, रांगोळीत ठेवायचे छोटे थेंब, बुकमार्कचं टोक असं काही बसतं. कबूल करायच्या आधी संख्या विचारा.

लग्नातल्या रिटर्न गिफ्टच्या 'दोनशे नग, अगदी एकसारखे' ऑर्डरला आम्ही नाही म्हणतो. हाताने दोनशे एकसारखे होत नाहीत. आणि झालेच तर हाताने केलेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मागणीनुसार करून द्यायचं तर आगाऊ पैसे किती घ्यावेत?

निम्मे. फोटो दाखवून 'हुबेहूब असं' म्हणणाऱ्याला आधी कागदावर चित्र आणि मापं पाठवा आणि 'उंचीत पाच मिलिमीटर इकडे-तिकडे होईल' हे लेखी कळवा. दिवाळीच्या ऑर्डरी घटस्थापनेला बंद करा. त्यानंतर 'माझी एकच छोटी आहे हो' म्हणणाऱ्या सगळ्यांच्या छोट्या मिळून एक मोठी होते.

कुरिअरने पाठवलेली काच शाबूत पोचते का?

पॅकिंग नीट असेल तर पोचते. 'नाजूक' लिहिलेल्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका, गोदामात खोकं उतरवणारा माणूस स्टिकर वाचायला थांबत नाही.

आमची पद्धत अशी. पेल्याच्या आतली पोकळी आधी मऊ कागदाने भरतो, काठापर्यंत, पण ठासून नाही. कानाच्या भोकातही कागदाची गुंडाळी जाते, कारण कान बहुतेक वेळा बाहेरच्या धक्क्याने मोडत नाही, गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या ओढीने मोडतो. मग वरून बबल रॅप किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखा कागद, फुगे आतल्या बाजूला. हे सगळं आतल्या छोट्या खोक्यात बेताचं बसलं पाहिजे. ते खोकं बाहेरच्या मोठ्या खोक्यात, सहा बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरणी ठेवून. दोन वस्तू असतील तर मधे पुठ्ठ्याची भिंत. काचेला काच लागली की बाहेरून कितीही गादी घाला, उपयोग नाही.

चिकटपट्टी लावायच्या आधी खोकं कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा. नवा आकार विकायला काढायच्या आधी त्याचं एक पार्सल बांधा आणि कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका: आधी एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याच्या तिन्ही कडांवर, मग सहाही बाजूंवर. नातेवाइकांसमोर करू नका, त्यांना बघवत नाही. त्यातून वस्तू वाचली तर ती नागपूरलाही पोचेल.

वाटेत फुटलं तर कुणाचं नुकसान?

व्यवहारात तुमचं. बऱ्याच कुरिअर कंपन्यांच्या अटींत काच भरपाईतून वगळलेली असते. बारीक अक्षरं बुकिंगच्या आधी वाचा. गिऱ्हाइकाला पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागा, पण पोलिसी थाटात नको. खोकं न उघडता चारी बाजूंनी एकदा फिरवा आणि मग उघडा, एवढं सांगितलं की पुरतं. फुटल्याचं दिसलं की वाद न घालता दुसरी वस्तू पाठवा किंवा पैसे परत करा. किंमत ठरवताना फूट धरली असेल तर हे जड जात नाही.

कागदपत्रं काय लागतात?

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. पैसे मागणारी, दिसायला सरकारीच वाटणारी संकेतस्थळं बरीच आहेत, तिकडे जाऊ नका. गाळा असेल तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्या. वीज जोडणी कोणत्या वर्गात येते ते महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या; घरगुती मीटरवर भट्टी चालवली आणि तपासणी झाली तर फरकाचं बिल येतं.

जीएसटी: महाराष्ट्रात आणि गोव्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. परराज्यात विकायचं झालं की नियम बदलतात; हस्तकलेच्या अधिसूचित वस्तूंना त्यात सवलत आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे सीएकडूनच तपासून घ्या. दरातही हाच घोळ आहे. काचेच्या बांगडीवर कर नाही, काचेच्या पेल्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा गेला, त्यामुळे त्याआधीचे तक्ते पाहून बिलं करू नका.

सरकारी योजना मिळते का?

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभार, सोनार, मूर्तिकार आहेत, काचकाम नाही. ही चौकशी करण्यात लोकांचे हेलपाटे होतात म्हणून ठळक सांगतोय. कर्ज आणि अनुदानासाठी पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा) किंवा राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून होतो. हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिराचं 'पहचान' ओळखपत्र मिळालं तर सरकारी प्रदर्शनांत स्टॉल मिळायला उपयोगी पडतं. एकच धोका: अनुदानाच्या हिशोबाने यंत्रं मोठी घेतली जातात. आधी माल खपतो का बघा, मग मोठी भट्टी.

बुटीकमध्ये ठेवावं की प्रदर्शनं करावीत?

पहिली दोन वर्षं प्रदर्शनं. गिऱ्हाईक वस्तू उचलून कुठे धरतं, काय उलटं करून बघतं, कशावर थबकतं, हे दुकानदार कधी सांगत नाही. पुण्यात डिसेंबरातली भीमथडी जत्रा, मुंबईत फेब्रुवारीच्या सुमाराचा काळा घोडा महोत्सव, दोन्हीकडचा लोंढा वेगळा आणि दोन्हीकडे अर्ज महिनोन्‌महिने आधी करावे लागतात. स्टॉलला टेबल तुमचं स्वतःचं न्या. मिळालेलं टेबल डुगडुगलं तर पहिल्याच दिवशी मांडणीचा निकाल लागतो. मागे आरसा आणि बाजूने उजेड द्या, समोरून दिवा मारला की काच मेल्यासारखी दिसते.

बुटीकशी व्यवहार करताना लेखी ठरवा: दुकानात फुटलेल्या नगाचे पैसे कोण देणार, हिशोब किती तारखेला. एका दुकानात आमचा माल सात-आठ महिने धूळ खात होता आणि परत आला तेव्हा चार नगांचे काठ गेलेले होते. 'तुमच्याकडूनच तसे आले असतील' हे उत्तर. तेव्हापासून माल देताना प्रत्येक नगाचा फोटो आणि दुकानदाराची सही, त्याशिवाय नाही.

गिऱ्हाईक विचारतात: उकळता चहा चालेल का? मायक्रोवेव्ह?

बोरोसिलिकेटच्या, नीट अ‍ॅनीलिंग झालेल्या पातळ पेल्यात चहा चालतो. फ्रिजमधून काढलेल्या पेल्यात उकळतं काही ओतू नका. तळ जाड असेल तर जास्त जपा. जाड काच पातळ काचेपेक्षा मजबूत वाटते, पण तापमानाचा फरक तीच कमी सोसते. सोडा-लाइमच्या पेल्यात सरबत, ताक चालतं, चहा नको. मायक्रोवेव्हचं म्हणाल तर साधी बोरोसिलिकेट चालते. सोनेरी काठ किंवा धातूचा मुलामा असेल तर चालत नाही.

रंगांबद्दल सरळ बोलावं. भडक लाल, केशरी आणि पिवळ्या काचेत कॅडमियमची संयुगं असू शकतात. आम्ही असे रंग पेल्याच्या आतल्या बाजूला आणि ओठ लागतात त्या काठाला देत नाही, बाहेरून किंवा दागिन्यातच वापरतो. गिऱ्हाइकाने विचारायची वाट बघू नका, आधीच सांगा. तसंच जुन्या वजनदार कट-ग्लासमध्ये शिसं असतं, त्यात लोणचं भरून ठेवायला कुणी निघालं तर थांबवा.

बुडबुडा दिसतो. दोष आहे ना?

एखादा बारीक असेल तर नाही. काठावर किंवा जोडात असेल तर आहे, आणि तो नग दुय्यम मालाच्या टोपलीत जातो. ती टोपली स्टॉलखाली ठेवू नका, बाहेर कमी दरात मांडा. आमच्याकडे सगळ्यात आधी तीच रिकामी होते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऑर्डर येतात. पाठवू का?

विक्री म्हणून पाठवायचं तर आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी काढा. टपाल खात्याची डाक घर निर्यात केंद्रं छोट्या पार्सलांची कागदपत्रं करून देतात. अमेरिकेत ८०० डॉलरखालच्या पार्सलांची आयात शुल्कातून सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच स्पष्ट करा. वजनामुळे टपालखर्च अनेकदा वस्तूइतकाच येतो. कानातले, पेंडंट पाठवणं परवडतं; पेल्यांचा संच सुट्टीवर आलेल्या भाच्याच्या बॅगेतूनच जातो, आणि तो हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

यावर घर चालतं का?

एकट्या विक्रीवर पहिली काही वर्षं नाही. बहुतेकांचं चालतं ते विक्री, शनिवार-रविवारची प्रशिक्षणं आणि दुरुस्तीची कामं मिळून. दुरुस्तीला कमी लेखू नका: जुन्या हंडीची काच, झुंबराचा तुटलेला थेंब, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मोडका कंडेन्सर. पण जुनी वस्तू थेट ज्योतीत धरायची नाही, आधी भट्टीत सावकाश तापवायची. आणि 'जोडताना पूर्ण फुटू शकते' यावर सही घेतल्याशिवाय कुणाच्या पणजीची हंडी हातात घ्यायची नाही.

फुटलेल्या काचेचं काय करता?

सोडा-लाइमचे तुकडे भंगारवाल्याला देतो. बोरोसिलिकेट त्यात मिसळायची नाही. ती साध्या काचेच्या भट्टीत नीट वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडा म्हणून उतरते. तिचे स्वच्छ तुकडे ज्योतीत परत कांडी ओढायला वापरतो. जे अगदीच निरुपयोगी, ते जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहून कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हातात वेगळं देतो. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत नाही, कारण ती पिशवी ताई हाताने चाचपतात.